बर्फाची दरड आणि माघारीचे शहाणपण

भोपाळच्या तलावांवर बर्फ कधी साचत नाही. पचमढीला थंडीत गवतावरचे दंव गोठले तरी आपणांस नवल वाटते. तथापि ह्याच मुलुखातील दोन कन्यांनी, सीहोर जिल्ह्यातील मेघा परमार व छिंदवाडा जिल्ह्यातील तामियाच्या भावना डेहरिया ह्यांनी, २२ मे २०१९ रोजी एव्हरेस्टचे शिखर गाठले. आपल्या खेड्यांतील तरुणही आज कोणी हौसेने, कोणी सैनिक होऊन हिमालयात जातात. त्यांस डोंगर ठाऊक असतो, बर्फ ठाऊक नसतो.

बर्फाची दरड, म्हणजे हिमस्खलन, कशी कोसळते? हिवाळाभर बर्फ थरावर थर असा साचतो. त्यांतला एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत राहतो. त्यावर नव्या बर्फाचे ओझे पडले म्हणजे, ओल्या कौलांवरून पेंढा घसरावा तसा, वरचा थर एकाएकी सुटतो. ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत घातक. मोठ्या हिमवर्षावानंतरचे एक-दोन दिवस, वाऱ्याने बर्फ लोटून साचविलेली बाजू आणि कडक उन्हाची दुपार विशेष जपावी. पायाखाली पोकळ ‘धप्प’ असा आवाज आला किंवा बर्फास लांब भेग पडली, तर तो इशाराच समजावा. हौशी प्रवाशांच्या बहुतेक अपघातांत दरड त्यांच्याच पावलांनी सुटते.

संरक्षण खात्याची चंडीगढ येथील संशोधन संस्था हिवाळ्यात धोक्याच्या सूचना देते. त्या पाहिल्यावाचून निघू नये. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडावा. प्रत्येकाजवळ संकेत देणारे यंत्र, शोधाची लांब काठी व फावडे असावे. गाडलेल्यास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर तो बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते. ती सुटका सोबत्यांच्याच हाती असते.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये १० जवान बर्फाखाली गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्याचा एक सुपुत्र होता. सहाव्या दिवशी एक जवान जिवंत सापडला, पण ११ फेब्रुवारीस त्याचीही प्राणज्योत मालवली. सैनिकास आपले ठाणे सोडता येत नाही. हौसेने गेलेल्यास मात्र परतता येते, आणि तरीही तो पुष्कळदा लोकलाजेस्तव परतत नाही.

अकराव्या शतकात संत बर्नार्ड ह्यांनी आल्प्सच्या खिंडीत वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारली. तेथील धर्मबंधूंनी पुढे कुत्र्यांच्या साह्याने बर्फात हरवलेल्यांचा शोध घेतला. स्वतः गिर्यारोहक असलेले पोप पायस अकरावे ह्यांनी १९२३ साली ह्या संतास गिर्यारोहकांचे आश्रयदाते ठरविले. त्या धर्मशाळेत वाटसरूचे प्राण हेच मोलाचे मानले गेले.

आईबापहो, तुमचा मुलगा वा मुलगी शिखराविना परतली, तर तिला हिणवू नका. प्राण हे परमेश्वराचे देणे आहे. ते जपण्यासाठी वाटाड्याचा शब्द मानून माघारी फिरणे हा भ्याडपणा नव्हे. ती सुबुद्धी होय. हे तिला निरोप देतानाच सांगा.