क्रमांक स्थळाचा कीं माणसाचा?

मुलगा पुण्यांत असो, दिल्लीच्या गाडींत असो कीं चेन्नईच्या कचेरींत असो. आई एकच क्रमांक दाबते आणि घंटा नेमकी त्याच्याच खिशांत वाजते. तो कोठें आहे हें आईस ठाऊक नसतें. मग तें यंत्रास कसें कळतें? नित्य परिचयामुळें यांतील नवल नाहींसें झालें आहे. तथापि याचें उत्तर समजून घेणें प्रत्येक कुटुंबाच्या हिताचें आहे.

२८ जानेवारी १८८२ रोजीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं. त्या काळीं एका तारेचें टोक दुसऱ्या तारेस हातानें जोडीत. पुढें १८९१ सालीं आल्मन स्ट्रोजर या अमेरिकन गृहस्थानें स्वयंचलित जोडणीचें पेटंट मिळविलें, आणि क्रमांकाचे अंकच यंत्रास पायरीपायरीनें पुढें नेऊं लागले. क्रमांक म्हणजे वाटेचें वर्णन. वाटेच्या शेवटीं एक भिंत, आणि भिंतीशीं एक यंत्र. तें कोण उचलील याचा क्रमांकास पत्ता नसे. विशिष्ट माणूसच हवा असल्यास ट्रंककॉल नोंदवितांना 'पी. पी.', म्हणजे 'पर्टिक्युलर पर्सन', असें सांगून अधिक आकार भरावा लागे. माणूस शोधण्याची बुद्धि तेव्हां ऑपरेटरच्या ठायीं होती.

ती यंत्रांत कशी आली? प्रारंभीं प्रत्येक केंद्राच्या पोटांतच सर्व नियम भरलेले असत. एखादी नवी सोय द्यावयाची तर केंद्रोकेंद्रीं फेरफार करावे लागत. यावर तोड निघाली ती अशी: जोडण्याचें काम केंद्राकडे ठेवावें आणि ठरविण्याचें काम एका स्वतंत्र संगणकाकडे सोंपवावें. अमेरिकेंत ए. टी. अँड टी. कंपनीनें १९८१ सालीं '८००' नें आरंभ होणाऱ्या, फोन करणाऱ्यास खर्च न पडणाऱ्या क्रमांकांसाठीं ही रीत अवलंबिली. आपल्याकडील १८०० चे क्रमांक याच जातीचे. अशा क्रमांकास स्वतःचें स्थळच नसतें. तो येतांच केंद्र क्षणभर थांबतें, बोलण्याच्या मार्गाहून निराळ्या अशा संदेशमार्गानें मध्यवर्ती नोंदवहीस विचारतें, "हा कोणाकडे पाठवूं?" आणि उत्तर येईल तिकडे जोडून देतें. या रचनेस 'इंटेलिजंट नेटवर्क', म्हणजे बुद्धिमान जाळें, असें नांव पडलें.

मोबाईलनें हीच युक्ति प्रत्येक माणसास लागू केली. १ जुलै १९९१ रोजीं फिनलंडांत जी. एस. एम. पद्धतीनें संभाषण झालें. भारतांत ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसू हे दिल्लीस सुखराम यांच्याशीं मोबाईलवरून बोलले. या पद्धतींत दोन नोंदवह्या असतात. एक घरची, दुसरी पाहुण्यांची. फोन नव्या टापूंत शिरला कीं तेथील पाहुण्यांच्या वहींत त्याचें नांव चढतें, आणि ती वही घरच्या वहीस तसें कळविते. आईचा कॉल प्रथम घरच्या वहीस विचारतो. तेथून टापू कळतो. मग त्या टापूंतील मनोरे एकदमच हांक मारतात, आणि वर्गांतल्या मुलाप्रमाणें तो एकच फोन "हजर" म्हणून ओ देतो. २० जानेवारी २०११ पासून कंपनी बदलूनहि तोच क्रमांक ठेवण्याची मुभा देशभर मिळाली. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर क्रमांक पूर्वीं अधिकरण सांगे, आतां संप्रदान सांगतो. 'कोठें' हा प्रश्न जाऊन 'कोणास' हा उरला.

याचे लाभ सांगावयास नकोत. परंतु त्यांचें मोल दोन प्रकारें द्यावें लागतें. पहिलें घरांतलें. ओसरीवरील टेलिफोन साऱ्या घराचा असे. काकांचा निरोप आजोबा घेत, वहिनी ऐके, आणि पलीकडच्यांची खुशाली सर्वांस विनासायास कळे. आज घरांत सहा क्रमांक असतात, पण घराचा असा बहुधा एकहि नसतो.

दुसरें मोल याहून गंभीर. हांक पोंचावी यासाठीं आपण कोठें आहों याची नोंद सतत व्हावी लागते. आपण अवाक्षर बोललों नाहीं तरी खिशांतील यंत्र हजेरी देतच असतें. बाहेर पडतांना 'जाऊन येतों' असें आपण वडील मंडळींस सांगतों, तें आपल्या माणसांस सांगितलेलें असतें. ही हजेरी मात्र परक्याच्या वहींत जाते. ती वही कोणीं, कोणत्या कारणानें व कोणाच्या अनुज्ञेनें उघडावी, हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्याचें महत्त्व येथें ध्यानांत येतें.

कायद्याचें काम कायदा करील. घराचें काम घरानेंच केलें पाहिजे. मुलानें वा सुनेनें फोन उचलला नाहीं म्हणून लागोपाठ दहा वेळां घंटा वाजविणें, किंवा त्यांचा ठावठिकाणा त्यांच्या नकळत पाहणें, हें वात्सल्य नव्हे, पहारा होय. तरुणांनींहि दूरच्या भावंडाशीं बोलतांना आठवड्यांतून एकदां तरी आवाज मोठा करून यंत्र मधोमध ठेवावें, म्हणजे आजीसहि चार शब्द ऐकूं येतील. एवढें पथ्य पाळण्यास बुद्धिमान जाळ्याची गरज नाहीं.