तपासणीला वळसा : संगणकीय ओळखतपासणीतील एक दोष

अंधेरीस प्रवाशांच्या तपासणीच्या दोन रीती शेजारीशेजारी दिसतात. 2014 साली सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत आत जाताना आणि बाहेर पडताना प्रत्येकास स्वयंचलित फाटकातून जावे लागते. लोकलच्या फलाटावर मात्र तपासनीस भेटला तरच तिकीट दाखवावे लागते.

संकेतस्थळांच्या आज्ञावलींत आढळणारा ‘तपासणीला वळसा’ हा दोष समजून घेण्यास हा भेद उपयोगी पडतो. येथे परवलीचा शब्द चोरला जात नाही. तपासणीच टाळली जाते. ब्राउझरकडून सर्व्हरकडे जाणारी प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. आधीची विनंती कोणाची होती, याची स्मृती त्या व्यवहाराच्या मूळ नियमांत नाही. म्हणून केवळ लॉगिनच्या पानावर तपासणी ठेवली, तर आतल्या पानाचा पत्ता ठाऊक असलेला मनुष्य थेट आत पोहोचतो.

दुसरा प्रकार भाषेच्या अभ्यासकास विशेष लक्षणीय वाटावा. वापरकर्त्याने दिलेले नाव अवतरणचिन्हांत घालून डेटाबेसला विचारावयाचे वाक्य रचले जाते. त्याने नावातच एक अवतरणचिन्ह लिहिले, की अवतरण तेथे संपते आणि पुढील मजकूर नाव न राहता आज्ञा ठरतो. वाक्याची रचना आधी पक्की करून नाव त्यात मागाहून केवळ मूल्य म्हणून पुरविणे, हा यावरील उपाय होय.

तिसऱ्या प्रकारात तपासणीचे उत्तरच बनावट असते. संकेतस्थळाबाहेरचे, पण याच तत्त्वाचे उदाहरण महाराष्ट्रात घडले. 11 व 13 ऑगस्ट 2018 रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये लुबाडले गेले. एटीएममधून पैसे देण्यापूर्वी बँकेच्या मध्यवर्ती यंत्रणेची मंजुरी घ्यावी लागते. हल्लेखोरांनी या मार्गात बनावट दुवा उभा केला. बनावट कार्डांवरील मागण्यांना तोच मंजुरी देत राहिला. मूळ यंत्रणेपर्यंत प्रश्न गेलाच नाही. पहिल्याच दिवशी सुमारे 28 देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले.

सारांश, कुलूप कितीही भक्कम असले तरी ते एकाच दारावर असून भागत नाही. प्रत्येक मार्ग तपासणीतून गेला पाहिजे, आणि मिळालेले उत्तर खऱ्या अधिकाऱ्याचेच आहे याचीही खात्री करून घेतली पाहिजे.