पाहणे आणि फटका मारणे : गोल्फच्या पवित्र्याची दृश्य साधने (लेखांक ६)

गोल्फच्या फटक्यात क्लब मागे नेऊन डोक्याच्या उंचीपर्यंत उचलण्यास साधारणपणे पाऊण सेकंद लागतो आणि तेथून खाली येऊन तो चेंडूला भिडेपर्यंत पाव सेकंद जातो. क्लब आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श मात्र सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. डोळ्यांनी चूक टिपावी, मेंदूने तिचा अर्थ लावावा आणि स्नायूंनी त्यानुसार हालचाल बदलावी, या साखळीलाही जवळजवळ पाव सेकंदच लागत असल्यामुळे, खाली येऊ लागलेला क्लब पाहून वाटेतच सुधारून घेणे निष्णात खेळाडूलाही साधत नाही. मागील लेखांकात क्लबच्या पकडीचा विचार झाला. पवित्रा, म्हणजे चेंडूसमोर उभे राहण्याची रीत, आणि स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची संपूर्ण हालचाल, यांच्या सरावासाठी जी दृश्य साधने वापरली जातात त्यांचे मूल्यमापन करताना पाव सेकंदाची ही मर्यादा आधी लक्षात घ्यावी लागते, कारण तिच्यामुळे डोळ्यांना फटक्याच्या आधी काम असते आणि फटका झाल्यावर काम असते, मधल्या काळात जवळजवळ काहीच नसते.

फटक्यापूर्वीच्या कामात दिशेची जुळणी सर्वांत अवघड ठरते. बंदूक किंवा धनुष्य रोखणाऱ्याचा डोळा लक्ष्य आणि शस्त्र यांच्या रेषेत असतो. गोल्फमध्ये तसे नसते. उजव्या हाताने खेळणाऱ्याची डावी बाजू लक्ष्याकडे असते, नजर खाली चेंडूवर असते आणि लक्ष्य पाहायचे तर कमरेत वाकलेल्या स्थितीतच मान वळवून ते डाव्या खांद्यावरून पाहावे लागते. चेंडूपासून लक्ष्यापर्यंत कल्पिलेल्या सरळ रेषेला लक्ष्यरेषा म्हटले, तर खेळाडूची पावले, गुडघे, कंबर आणि खांदे यांची रेषा तिला समांतर असावी, अशी सर्वमान्य शिकवण आहे. ती समजावण्यासाठी रेल्वेच्या रुळांचे चित्र जगभर वापरले जाते: बाहेरच्या रुळावर चेंडू, आतल्या रुळावर पावले. मात्र दूरवर पाहताना रूळ एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात आणि शिकाऊ खेळाडूला आपली पावलेही होलमधील झेंड्याच्याच दिशेने रोखली पाहिजेत असे वाटू लागते. तसे करता करता बहुतेक जण गरजेपेक्षा बरेच अधिक उजवीकडे वळतात.

या चुकीचे माप काढून पाहण्याजोगे आहे. दिशा एका अंशाने चुकली तर १५० मीटर अंतरावर चेंडू सुमारे २.६ मीटर बाजूला जातो आणि पाच अंशांनी चुकली तर सुमारे १३ मीटर, म्हणजे अनेक ग्रीनच्या, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेपलीकडे. याउलट, पावले आणि चेंडू यांच्यातील अंतर एक मीटरपेक्षाही कमी असल्याने, शरीराची रेषा अचूक समांतर असेल तर ती झेंड्याच्या डावीकडून जेमतेम मीटरभर अंतरावरून जाते. रुळांच्या चित्राचा अतिरेकी अर्थ लावून ‘शरीर लक्ष्याच्या बरेच डावीकडे रोखा’ असे सांगणारे काही शिक्षक आढळतात. त्यांच्या सूचनेला भूमितीचा आधार नाही.

ही समांतरता डोळ्यांना दिसावी म्हणून पूर्वी गवतावर क्लब आडवे ठेवले जात. आता त्यांची जागा अलाइनमेंट स्टिकने घेतली आहे. या काठ्या मुळात गोल्फसाठी तयार झालेल्या नव्हत्या. अमेरिकेच्या हिमवृष्टीच्या प्रदेशात घरापुढच्या वाटेची कड बर्फाखाली गेली तरी कळावी म्हणून फायबरग्लासच्या, सुमारे चार फुटी, भडक रंगाच्या काठ्या रोवल्या जातात. खेळाडू त्या हार्डवेअरच्या दुकानातून आणू लागले आणि पुढे गोल्फच्या साहित्याच्या उत्पादकांनी त्याच काठ्या वाढीव किमतीला विकायला घेतल्या. नेहमीच्या मांडणीत एक काठी चेंडूच्या किंचित पलीकडे लक्ष्यरेषेला समांतर ठेवतात, दुसरी पायांच्या बोटांसमोर तिला समांतर, आणि तिसरी या दोन्हींना काटकोनात, चेंडूपासून दोन पावलांच्या मधल्या जागेकडे येणारी. तिसऱ्या काठीमुळे चेंडू पवित्र्यात नेमका कुठे आहे ते कळते. ड्रायव्हर हा सर्वांत लांब क्लब वापरताना चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या समोर असावा आणि आखूड आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या पात्याचा क्लब, वापरताना तो पवित्र्याच्या मध्याकडे सरकावा, अशी प्रचलित रीत आहे, आणि थकल्यावर किंवा घाईत हे अंतर नकळत बदलत जाते.

काठीचा खरा प्रश्न तिच्या मांडणीत आहे. चेंडूजवळ बाजूला उभे राहून ठेवलेली काठी ठेवणाऱ्याच्या नजरेतील चूक जशीच्या तशी उचलते, आणि मग ती चूक भडक रंगात, निर्विवाद सरळ रेषेच्या रूपाने, शेकडो फटक्यांतून पक्की होत जाते. अशा काठीपेक्षा काठी नसलेली बरी. म्हणून काठी चेंडूच्या मागे जाऊन, दोन्ही डोळे लक्ष्याकडे ठेवून मांडावी लागते. अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलॉस यांनी रूढ केलेली पद्धत येथे उपयोगी पडते: चेंडूच्या मागे उभे राहून लक्ष्यरेषेवर चेंडूपुढे काही फुटांवर असलेली एखादी खूण, वाळलेले पान किंवा गवताचा वेगळ्या रंगाचा ठिपका, हेरायची आणि दीडशे मीटरवरच्या झेंड्याऐवजी त्या जवळच्या खुणेशी क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, जुळवायची. पावलांची रेषा जुळली की सारे जुळले, असेही नसते. उजवा हात पकडीत डाव्याच्या खाली असल्याने उजवा खांदा पुढे ओढला जातो आणि पावले समांतर असूनही खांदे डावीकडे उघडे राहतात. हे तपासण्यासाठी काठी छातीवर आडवी धरून ती जमिनीवरच्या काठीशी ताडून पाहतात.

पवित्र्याच्या शिक्षणात चित्रांनी जे काम केले त्याचे सर्वांत प्रभावी उदाहरण अमेरिकेतील गोल्फपटू बेन होगन यांच्या लेखमालेचे आहे. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकात १९५७ मध्ये हर्बर्ट वॉरेन विंड यांच्या लेखनसाहाय्याने पाच पाठ प्रसिद्ध झाले, अँथनी रॅव्हिएली यांनी त्यांची रेखाटने केली आणि त्याच वर्षी ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक निघाले. त्यात जमिनीवरील चौकटीच्या साहाय्याने पावलांची जागा दाखवली आहे: उजवे पाऊल लक्ष्यरेषेला काटकोनात, डावे पाऊल बाहेर पाव वळणाने उघडे. त्याहून अधिक गाजली ती काचेची कल्पना. चेंडूपासून निघून खेळाडूच्या खांद्यांवर टेकलेली एक तिरकी काच आहे, तिला भोक पाडून डोके वर आले आहे आणि क्लब मागे नेताना हात त्या काचेखालीच राहिले पाहिजेत, अशी ती कल्पना. क्लब ज्या तिरक्या सपाटीवरून फिरतो तिला स्विंगचे प्रतल म्हणतात. डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या या प्रतलाला रॅव्हिएली यांच्या रेषांनी आकार दिला.

पुढे काचेऐवजी खरोखरच्या तिरक्या फळ्या आणि कडी आली, ज्यांच्या कडेने क्लब घासत नेऊन सराव करावा असे सुचवले जाई. परंतु होगन यांच्याच मांडणीत क्लब खाली येतानाचे प्रतल वर नेतानाच्या प्रतलाहून वेगळे, कमी चढणीचे आणि किंचित उजवीकडे वळलेले आहे. एका ठरावीक कोनात बसवलेल्या फळीत हा बदल मावत नाही. शिवाय लांब क्लब वापरताना खेळाडू चेंडूपासून दूर उभा राहतो आणि प्रतल अधिक आडवे होते, तर आखूड वेजने खेळताना ते उभे होते. एकच फळी सर्व क्लबांना लावणे म्हणजे एकाच मापाचा जोडा सर्वांच्या पायात घालणे होय. जमिनीत क्लबच्या दांड्याच्या कोनात तिरकी रोवलेली काठी या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे, कारण प्रत्येक क्लबसाठी तिचा कोन बदलता येतो आणि चुकीच्या वाटेने आलेला क्लब तिला लागतो. मात्र येथे शिकवण्याचे काम मुख्यतः स्पर्शाने होते. काठी डोळ्यांना केवळ आधी वाट दाखवते.

फटका झाल्यानंतरच्या पाहण्याचा इतिहास कॅमेऱ्याशी जोडलेला आहे. बॉबी जोन्स यांनी १९३० मध्ये त्या वेळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्यानंतर वॉर्नर ब्रदर्सने १९३१ मध्ये ‘हाउ आय प्ले गोल्फ’ ही लघुपटांची मालिका काढली आणि संथ गतीतील चित्रणामुळे सामान्य प्रेक्षकाला निष्णात स्विंगचे टप्पे प्रथमच निवांत पाहता आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३८ मध्ये लखलखणाऱ्या दिव्याच्या साहाय्याने डेन्स्मोर शूट या खेळाडूचा स्विंग एकाच छायाचित्रात अनेक क्षणांच्या मालिकेच्या रूपात पकडला. क्लबच्या दांड्याला येणारा बाक त्यात स्पष्ट दिसतो. जे डोळ्यांना दिसत नव्हते ते या चित्रांनी दाखवले, आणि खेळाडूंना स्वतःच्या स्विंगविषयी जे वाटते ते बहुधा खरे नसते, हेही त्यांच्यामुळे शिक्षकांना कळू लागले.

आज सेकंदाला २४० चित्रे घेणारा कॅमेरा फोनमध्येच असतो, पण त्याच्या चित्रांचा अर्थ लावताना सावधगिरी लागते. स्विंग दोन बाजूंनी चित्रित करतात, एकदा लक्ष्यरेषेला समांतर, खेळाडूच्या मागून लक्ष्याकडे पाहत, आणि एकदा समोरून त्याच्या छातीकडे पाहत. मागच्या बाजूच्या चित्रणात कॅमेरा हातांच्या उंचीवर, हातांच्या सरळ रेषेत नसेल, किंवा एक-दोन फूट बाजूला सरकला, तर तोच स्विंग एका दिवशी आतून येणारा आणि दुसऱ्या दिवशी बाहेरून येणारा दिसतो, आणि खेळाडू नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. फोनचा संवेदक चित्र ओळीओळीने टिपतो, सगळे एकदम टिपत नाही. वेगाने जाणारा दांडा त्यामुळे चित्रात वाकडा दिसतो, जो एजर्टन यांच्या छायाचित्रातील खऱ्या बाकाहून अगदी वेगळा प्रकार आहे. चित्रावर रेषा आखून देणारी ॲप्स या वाकड्या दांड्यावरही तितक्याच आत्मविश्वासाने रेषा आखतात.

चित्रणात मुळीच न दिसणारी गोष्ट म्हणजे भिडण्याच्या क्षणी क्लबफेसची दिशा. चेंडू क्लबच्या वाटेच्या दिशेने सुटतो आणि क्लबफेसच्या दिशेकडे नंतर वळतो, असे दीर्घकाळ शिकवले जात होते. डेन्मार्कमध्ये २००३ मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅकमन कंपनीची रडार-यंत्रे सरावाच्या जागी आली, आणि चेंडूच्या सुरुवातीच्या दिशेवर बहुतांश प्रभाव क्लबफेसचाच असतो, हे शिक्षकांमध्ये सर्वमान्य झाले. क्लबच्या वाटेवर रेषा आखणाऱ्या साधनांची उपयुक्तता या माहितीने कमी झाली. त्या मानाने काही जुनी, जवळजवळ फुकटची साधने टिकून राहिली आहेत: क्लबफेसवर पायाला लावायच्या पावडरचा फवारा मारला की चेंडू कुठे लागला याचा गोल ठसा उमटतो, आयर्नच्या फटक्याने उखडलेल्या गवताच्या ढलपीची दिशा क्लबची वाट सांगते, आणि सूर्य पाठीशी असताना स्वतःच्या डोक्याची सावली चेंडूवर ठेवून खेळले तर डोके किती डोलते ते कळते. आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात हे शेवटचे साधन तर वर्षातील आठ महिने हाताशी असते.

पाहून मिळालेली माहिती कुठे वळवावी, हा वेगळा प्रश्न आहे. गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गोल्फ नव्याने शिकणाऱ्यांच्या एका गटाचे लक्ष स्वतःच्या हातांच्या हालचालीकडे आणि दुसऱ्या गटाचे क्लबच्या हालचालीकडे वळवले, तेव्हा दुसऱ्या गटाचे फटके अधिक अचूक ठरले. काठी आणि ठसा ही साधने लक्ष शरीराबाहेर ठेवतात. आरसा आणि चित्रण ते शरीराकडे खेचतात. म्हणून आरशात पवित्रा तपासावा, पण आरशासमोर पूर्ण वेगाचा स्विंग करू नये, ही जुन्या शिक्षकांची सूचना योग्य वाटते. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये मांडलेला सिद्धान्तही येथे लागू पडतो: प्रत्येक प्रयत्नानंतर मार्गदर्शन मिळाले तर सरावात प्रगती दिसते, पण ते काढून घेतल्यावर कौशल्य टिकत नाही, कारण शिकणाऱ्याने स्वतः चूक ओळखण्याचा भाग साधनावर सोपवलेला असतो. काही फटके काठीसह आणि काही काठी उचलून, असा सराव त्यामुळे अधिक फलदायी ठरतो.

प्रत्यक्ष फेरीत तर काठी उचलावीच लागते. २०१९ पूर्वी पावलांसमोर क्लब ठेवून दिशा जुळवणे आणि फटक्याआधी तो उचलणे नियमात बसत होते. २०१९ पासून नियम १०.२ नुसार अशा वस्तूच्या आधारे पवित्रा घेतला की दोन फटक्यांचा दंड होतो आणि मागे हटून वस्तू उचलली तरी तो टळत नाही. त्याच नियमात कॅडीने, म्हणजे खेळाडूच्या सहायकाने, खेळाडू पवित्रा घेऊ लागल्यावर त्याच्या मागे रेषेत उभे राहण्यालाही बंदी आली. जानेवारी २०१९ मध्ये दुबईच्या स्पर्धेत शेवटच्या होलवर चीनच्या ली हाओतोंग यांना याच कारणाने दंड झाला आणि ते संयुक्त तिसऱ्या क्रमांकावरून संयुक्त बाराव्या क्रमांकावर गेले, तेव्हा बराच वाद झाला. काही दिवसांतच खेळाडूने फटक्यापूर्वी मागे हटून नव्याने पवित्रा घेतल्यास कॅडीपुरता दंड टळेल, असा खुलासा करण्यात आला. काठीला ही सवलत मिळालेली नाही. चेंडूवरच शाईने आखलेली सरळ रेषा मात्र नियमांत बसते, आणि ती सर्वाधिक उपयोगी पडते पटिंगमध्ये, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवताना; ती रेषा, पटरखालचा आरसा आणि खडूच्या दोरीने मारलेली रेघ यांचा विचार पुढील लेखांकात होईल.