घरगुती ध्वनिमुद्रण आणि संगणकाची स्मृती

छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुरा परिसरात एकीकडे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन आहे, तर दुसरीकडे संत एकनाथ रंगमंदिर. तंत्र आणि कला यांचा हा शेजार आता अनेक घरांतील संगणकावरही आढळतो. पूर्वी गाणे मुद्रित करावयाचे तर आकाशवाणी केंद्र किंवा मुंबई-पुण्याचा स्टुडिओ गाठावा लागे. आज एक बरा मायक्रोफोन, तो संगणकाला जोडणारे ऑडिओ इंटरफेस आणि ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. ऑडॅसिटीसारखे सॉफ्टवेअर तर विनामूल्य मिळते.

मात्र साधने हाती असूनही मुद्रण बिघडते. पैठणकडच्या एखाद्या वयोवृद्ध भारूडकाराने तासभर मनापासून गावे आणि ऐकताना मधूनमधून ‘चट् चट्’ असा आवाज यावा, ही हानी भरून निघणारी नसते. त्यांना पुन्हा बोलावता येईलच असे नाही. अशा वेळी बहुधा ‘रॅम वाढवा’ असा सल्ला मिळतो. तो पुष्कळदा चुकीच्या जागी खर्च करावयास लावतो.

मायक्रोफोनमधून येणारा आवाज सामान्यतः दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजला जातो. ही मापे एकेक करून प्रोसेसरकडे जात नाहीत. स्मृतीतील एका लहानशा जागेत ती साठतात आणि जागा भरली की एकदम पुढे पाठविली जातात. या जागेला बफर म्हणतात. विहिरीवरच्या मोटेसारखेच हे आहे. मोट लहान असेल तर खेपा जास्त. बैल दमले आणि एक खेप चुकली, की पाटाची धार तुटते. ती तुटलेली धार म्हणजेच ‘चट् चट्’. मोट मोठी केली तर बैलांना उसंत मिळते, पण पाणी पाटात पडावयास वेळ लागतो.

हा वेळ मोजता येतो. ४८,००० च्या गतीला १२८ मापांचा बफर २.७ मिलिसेकंदांत भरतो. १,०२४ मापांचा भरावयास २१.३ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा, असा हा विलंब साधारणतः दुप्पट होतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, हे लक्षात घेतले म्हणजे मोठ्या बफरचा परिणाम कळतो. कानाला हेडफोन लावलेल्या गायकाला स्वतःचाच आवाज जणू चौदा-पंधरा मीटरवरून ऐकू येतो. द्रुत लयीत तर ताल सांभाळणे अशक्यच. लहान बफरमध्ये हेच अंतर दोन मीटरांच्या आत राहते.

म्हणून गाताना बफर १२८ किंवा २५६ ठेवावा. मुद्रण संपून आवाजांचे मिश्रण करताना तो १,०२४ पर्यंत वाढवावा. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ही निवड सहज सापडते.

मग रॅमचे काम काय? नुसत्या आवाजाला ती फारशी लागत नाही. २४ बिटांचा एकेरी ट्रॅक तासाभरात सुमारे ५२ कोटी बाइट होतो आणि तोही बहुतेक सॉफ्टवेअर डिस्कवरच लिहीत जाते. रॅम खरी लागते ती तानपुरा, तबला, हार्मोनियम यांच्या आधीच मुद्रित केलेल्या सुरांचे व बोलांचे संच वाजविताना, कारण ते तत्काळ हाताशी असावे लागतात. रॅम भरली की संगणक काही मजकूर डिस्कवर हलवितो आणि तेथे आवाज अडखळतो. अनावश्यक प्रोग्राम बंद करणे, तयार झालेला वाद्याचा ट्रॅक साध्या ध्वनीत रूपांतरित करून ठेवणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. जुन्या ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरला चार गिगाबाइटपलीकडची स्मृती एरवी वापरताच येत नाही. तेथे रॅम वाढविण्यापूर्वी ६४ बिटांची आवृत्ती घेणे अगत्याचे.

अनेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ ही कळ असते. ती लावल्यास गायकाचा आवाज संगणकाला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. मग मुद्रणाच्या वेळीही बफर मोठा ठेवता येतो. समोर साथीदार घेऊन गाणाऱ्या भारूडकाराला तर हेडफोनचीही गरज नसते. त्यांच्या मुद्रणासाठी बफर १,०२४ वरच ठेवावा, लॅपटॉप विजेला जोडावा, त्याची वीजबचत बंद करावी आणि आधी पाच मिनिटे मुद्रण करून ऐकून पाहावे.