रक्ताला किंमत नाही. मग शुल्क कशाचे?

डोंगरकडा परिसरातील रुग्णास रक्ताची निकड भासली की नातेवाइकांना नांदेड अथवा हिंगोली गाठावे लागते. तेथे पैसे भरताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : दात्याने रक्त विनामूल्य दिले, तर ही आकारणी कशाची? प्रश्न रास्त आहे.

ही रक्कम रक्ताची नसून प्रक्रियेची असते. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब व क, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी करावी लागते. रक्तगट निश्चित करणे, घटक वेगळे करणे, शीतगृहात साठवण, तंत्रज्ञांचे वेतन यांवरही खर्च होतो. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये संपूर्ण रक्ताच्या एका पिशवीसाठी शासकीय रक्तपेढीत ११०० व खासगी रक्तपेढीत १५५० रुपये ही कमाल मर्यादा ठरविली. मान्यताप्राप्त अधिक तपासण्यांचे शुल्क वेगळे असते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेलच्या रुग्णांना रक्त विनामूल्य द्यावे, असा परिषदेचा निर्देश आहे. खर्चाची भरपाई न्याय्य होय. त्यापलीकडचा नफा नव्हे.

हा भेद अनुभवातून आला आहे. एकेकाळी देशातील रक्तपुरवठ्याचा मोठा भाग व्यावसायिक दात्यांवर अवलंबून होता. पोटासाठी रक्त विकणारा मनुष्य पुरेशी विश्रांती न घेता पुन्हा रक्त देई व आपला आजार लपवी. पुण्यात पैसे घेऊन प्लाझ्मा देणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची लागण फैलावल्याचे संशोधकांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले. पुढे ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदान बंद झाले.

रक्तविक्रीत हानी दोघांची होते. विकणारा बहुधा गरीब असतो. त्याची संमती ही गरजेची संमती असते. घेणाराही सुरक्षित नसतो. संसर्गानंतरच्या आरंभीच्या काही दिवसांत तपासणीतूनही दोष निसटू शकतो. त्या काळात दात्याने खरे सांगणे हाच रुग्णाचा आधार होय. आणि पैशाची गरज प्रथम त्या खरेपणावरच घाला घालते.

बंदीनंतरही हा व्यवहार वेषांतर करून टिकू शकतो. ‘बदली दाता आणा’ असा आग्रह झाला की हतबल कुटुंबास दलाल गाठतो आणि परका मनुष्य पैसे घेऊन नातेवाईक म्हणून उभा राहतो. म्हणून नातेवाइकांनी दलालाशी कदापि व्यवहार करू नये, आकारणीची छापील पावती मागावी आणि ती मर्यादेशी ताडून पाहावी. जादा आकारणी आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे तक्रार करता येते.

तथापि खरा उपाय गावातच आहे. रक्तातील लाल पेशी सुमारे सहा आठवडेच टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. त्यामुळे जयंतीदिनी एकदाच मोठे शिबिर भरविण्यापेक्षा वर्षभर थोडे थोडे रक्त मिळणे अधिक उपयुक्त ठरते. १८ ते ६५ वयोगटातील निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी व स्त्रिया दर चार महिन्यांनी रक्तदान करू शकतात. मात्र साठीनंतर प्रथमच रक्तदान करू नये. रक्तपेढीत पिशवी आधीच तयार असेल, तर दलालाकडे विकण्यासारखे काही उरत नाही.