अप्पा बेलवलकर पळाले होते का?

दिवाळीत आम्ही आसगावला होतो. पवनी तालुक्यातलं हे आमचं मूळ गाव. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, अंगावर चादर घेऊन, पहाटेपर्यंत बसायचं. यंदाच्या नाटकातही मुलांनी दूर लोटलेला एक बाप होता. साहजिकच सकाळी चहाबरोबर विषय निघाला तो 'नटसम्राट'चा.

भाच्याने नाना पाटेकरांचा २०१६ सालचा चित्रपट पाहिलेला. म्हणाला, "मामा, एवढा मोठा नट, आणि लेकीने चोरीचा संशय घेतला तर घर सोडून जातो! थांबायचं, भांडायचं. हा तर भित्रेपणा झाला."

त्याच्या वयात मीही हेच म्हटलं असतं. शिरवाडकरांचं नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आलं, डॉ. श्रीराम लागूंनी अप्पा उभे केले आणि तेव्हापासून आपण त्या म्हाताऱ्यासाठी रडत आलो. पण रडता रडता मनात येतंच, की सगळं मुलांना वाटून टाकायला सांगितलं होतं कुणी? आता २००७ चा कायदा आहे. मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परतही मिळवता येते. अप्पांच्या काळी तो नव्हता. पण असता तरी काय? आपण चोर नाही, हे बापाने लेकीविरुद्ध कुठल्या दारात सिद्ध करायचं? तिच्यापुढे जितकं बोलावं तितकी ती सफाईच ठरते.

आणि भित्रा माणूस उबेला परततो. शेवटी मुलं न्यायला येतात, तेव्हा अप्पा जात नाहीत. मला खुपते ती कावेरी. त्या मानाची किंमत तिनेही मोजली. तिच्या धैर्याबद्दल मात्र कुणी वाद घालत नाही.

हे सगळं मी भाच्याला ऐटीत सांगत होतो. बाबा शेजारीच सुपारी कातरत बसलेले. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरला नेलं होतं. आठ महिन्यांनी एका सकाळी पिशवी घेऊन ते आसगावला परतले. झालं होतं एवढंच, की बायकोचे कानातले सापडेनात म्हणून आदल्या रात्री मी विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कुठे उचलून ठेवले का?" कानातले नंतर उशीच्या खोळीत निघाले. चार वर्षं मी नातेवाइकांना सांगत आलो, "त्यांना शहर झेपलं नाही, पळून गेले." ते वाक्य माझ्या किती सोयीचं होतं, हे अप्पांची वकिली करताना कळलं. मी बोलायचा थांबलो.

भाच्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय वाटते जी?"

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. "त्याले जायले गाव नव्हतं ना. मले होतं," म्हणाले आणि गाईपुढे तणस टाकायला उठले.