पत्त्यांचा घोळ

मावळात मळवली स्टेशनाजवळ भाजे नावाचे गाव आहे. तेथील प्राचीन लेणी प्रसिद्ध आहेत. पावसाळ्यात या भागात धो धो पाऊस पडतो आणि कधी कधी वीज जाते.

समजा, तेथील एका घरात अशीच वीज गेली व तासाभराने आली. आपाला शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच रात्री पाठवायचा आहे. सर्वांचे मोबाइल चालतात. पण तिच्या संगणकावर इंटरनेट मिळत नाही. असे का झाले असेल?

राउटर हे जणू घरातील टपालघर होय. घरातील प्रत्येक उपकरणाला तो १९२.१६८.१.५ असा आकडी पत्ता देतो. प्रत्येक चाळीत पाच नंबरची खोली असते, तसा हाच पत्ता दुसऱ्या घरातही असू शकतो. परंतु एका घरात तो दोघांना चालत नाही.

आपल्या देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत. त्यामुळे पत्रे भलतीकडे जात. म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची योजना आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. योगायोग असा, की भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटही १५ ऑगस्टलाच, १९९५ साली सुरू झाले.

आता आपाच्या घरी पाहू. तेथील प्रिंटरला कोणीतरी १९२.१६८.१.५ हा पत्ता हाताने लिहून दिला होता. काही राउटर वीज गेली, की आपली यादी विसरतात. या राउटरने तोच पत्ता संगणकालाही दिला. दोघांत घोळ झाला! प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'पत्ता आपोआप घ्या' हा पर्याय निवडून दोन्ही यंत्रे पुन्हा सुरू केली, की काम होते.

असा प्रसंग आला, तर घाबरू नका. क्रमाने तपासा :

१. सर्वच उपकरणे बंद असतील, तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये असतो. एकच बंद असेल, तर आधी तेच तपासा.

२. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा.

३. सेटिंग बदलण्यापूर्वी जुने आकडे वहीत लिहून ठेवा.

४. राउटरचे बारीक 'रीसेट' बटण उगाच दाबू नका. त्याने सर्व सेटिंग पुसले जाते.

घाईने दहा बटणे दाबण्यापेक्षा शांतपणे एक कारण शोधणे बरे. आपानेही तेच केले आणि तिचा अर्ज वेळेत गेला.

शब्दार्थ : घोळ – गोंधळ, उपकरण – साधन, यंत्र, योगायोग – इत्तेफाक, आपोआप – खुद-ब-खुद.

प्रश्न : मोबाइल चालत असूनही आपाच्या संगणकावर इंटरनेट का मिळेना?